ड्रायरचा ड्रम फिरतो, हवाही येते. पण उष्णता येत नाही

ओहायोकर

नमस्कार. आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसच्या उपनगरात राहतो. आमच्याकडे विजेवर चालणारा, दमट हवा नळीवाटे घराबाहेर सोडणारा, कपडे वाळवण्याचा साधा ड्रायर आहे. तो गॅसचा नाही. त्याला इलेक्ट्रॉनिक पडदा नसून टायमरचे एक आणि तापमान निवडण्याचे एक अशी फिरवायची दोनच बटणे आहेत. यंत्र जुने आहे, परंतु आतापर्यंत त्याने कधी त्रास दिला नव्हता.

या आठवड्यात कपडे पूर्ण वेळ फिरवूनही ओलेच बाहेर आले. ड्रम व्यवस्थित फिरतो, दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, टायमर पुढे सरकतो आणि हवाही वाहते; ती हवा मात्र थंड असते. त्याआधी काही आठवडे जाड टॉवेल आणि जीन्स एका फेरीत वाळत नव्हत्या, पण कडाक्याच्या थंडीमुळे तसे होत असावे असे आम्हाला वाटले. लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या भुशाची, जाळी आम्ही प्रत्येक वेळी साफ करतो. तापमानाचे बटण चुकून बिनउष्णतेच्या हवेवर गेलेले नाही, हेही पाहिले आहे.

शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे असे की हीटिंग एलिमेंट, म्हणजे हवा तापवणाऱ्या तारेचे वेटोळे, जळाले आहे, ते मागवून बदलावे. एका दुरुस्ती सेवेने नुसते येऊन पाहण्याचे जे शुल्क सांगितले, ते ऐकून आधी आपणच काही तपासता येईल का, असा विचार मनात आला. माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. पण २४० व्होल्टच्या उपकरणाला मी आजवर हात लावलेला नाही. सध्या आई-बाबा सांगलीहून आलेले आहेत, घरात तान्हे बाळ आहे आणि बाहेर बर्फ आहे, त्यामुळे कपडे वाळवण्याची दुसरी सोय नाही. तपासणी कुठून सुरू करावी आणि कोणत्या टप्प्यावर आपण थांबून जाणकाराला बोलवावे, हे कृपया सांगावे.

रोहित्र

ओहायोकर, नमस्कार. एलिमेंट मागवण्याची घाई कृपया करू नका. आपण सांगितलेली लक्षणे एलिमेंट तुटल्याची असू शकतात, तशीच ती यंत्रात कोणताही बिघाड नसताना केवळ भिंतीतून येणारा वीजपुरवठा अर्धवट असल्याचीही असू शकतात. माझे काम विजेच्या क्षेत्रातले असल्यामुळे मी पुरवठ्याच्या बाजूने लिहितो. यंत्राच्या आतल्या भागांबद्दल इथले इतर जाणकार लिहितीलच.

अमेरिकेतल्या घराला खांबावरच्या रोहित्रातून २४० व्होल्टचा पुरवठा येतो आणि त्या वेटोळ्याच्या मध्यातून न्यूट्रल काढलेला असतो. त्यामुळे दोन टोकांमध्ये २४० व्होल्ट मिळतात आणि कोणतेही एक टोक व न्यूट्रल यांमध्ये १२० व्होल्ट. ही काटेकोर अर्थाने दोन वेगळ्या फेजची व्यवस्था नाही, पण समजण्यास सोपे जावे म्हणून मी या दोन टोकांना फेजच म्हणतो. ड्रायरमधली मोटर, टायमर आणि दिवा हे एक फेज व न्यूट्रल यांच्यावर, म्हणजे १२० व्होल्टवर चालतात; एलिमेंट मात्र दोन्ही फेजच्या मध्ये, २४० व्होल्टवर जोडलेले असते. आपल्याकडे तीन फेजच्या घरात एक फेज गेला की काही खोल्यांत दिवे लागतात आणि काहींत लागत नाहीत, तसेच इथे एकाच यंत्राच्या पोटात घडते. मोटरचा फेज शाबूत राहून दुसरा गेला, तर ड्रम फिरत राहतो आणि हवा थंड येते. मोटरचाच फेज गेला, तर यंत्र सुरूच होत नाही. पुण्या-मुंबईत असा ड्रायर २३० व्होल्टच्या एकाच फेजवर चालतो, त्यामुळे पुरवठा गेला की तो संपूर्ण बंद पडतो. म्हणूनच ही अर्धवट अवस्था तिथून आलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही.

पहिली पायरी ब्रेकर पॅनलची. ड्रायरचा ब्रेकर दोन ध्रुवांचा, सहसा ३० अँपिअरचा असतो आणि त्याचे दोन्ही दांडे एकत्र जोडलेले असतात. तो ट्रिप झाला की दांडा बऱ्याचदा मधल्या स्थितीत राहतो आणि लांबून चालूच असल्यासारखा दिसतो. म्हणून तो आधी जोर लावून पूर्ण बंद बाजूला न्यावा आणि मग चालू करावा. लगेच पुन्हा ट्रिप झाला, तर तो वारंवार चढवत राहू नये. कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून थांबावे. क्वचित ब्रेकर दिसायला नीट असतो, पण आतल्या एका ध्रुवाचा संपर्क जळालेला असतो. पॅनलचे झाकण काढून ते तपासण्याचे काम इलेक्ट्रिशियनचे आहे. मुख्य ब्रेकर बंद केला तरी वीज कंपनीकडून येणाऱ्या तारा आत जिवंतच राहतात, हे कृपया विसरू नये.

दुसरी पायरी भिंतीतल्या सॉकेटची. ड्रायरचा प्लग काढून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून, सॉकेटच्या दोन फेजच्या खाचांमध्ये मोजावे; साधारण २४० व्होल्ट यायला हवेत. चार खाचांच्या सॉकेटमध्ये समोरासमोरच्या दोन उभ्या खाचा फेजच्या, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची न्यूट्रलची आणि गोल अर्थिंगची असते. तीन खाचांच्या जुन्या सॉकेटमध्ये दोन तिरक्या खाचा फेजच्या आणि एलच्या आकाराची न्यूट्रलची असते. प्रत्येक फेज ते न्यूट्रल हे मापही घ्यावे. एका बाजूला १२० आणि दुसऱ्या बाजूला शून्याजवळचा आकडा आला, तर दोष ड्रायरचा नाही. हे मोजमाप जिवंत तारांवरचे आहे. प्रोबच्या (मीटरच्या मोजण्याच्या सळीच्या) धातूच्या टोकाला बोट लागता कामा नये, जमीन कोरडी असावी, बाळ आणि आई-बाबा त्या खोलीत नसावेत. मनात शंका असेल, तर ही पायरी सोडून देऊन इलेक्ट्रिशियनला बोलवावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

तिसरी जागा ड्रायरच्या मागे, जिथे केबल यंत्राला जोडलेली असते, ती टर्मिनलची पट्टी. २४० व्होल्टवर ५,४०० वॅटचे एलिमेंट २२.५ अँपिअर ओढते. एवढा प्रवाह सैल झालेल्या स्क्रूमधून जात राहिला, तर तो सांधा तापत जातो, प्लास्टिक तपकिरी होते आणि शेवटी तार जळून सुटते. प्लग काढून, मागची छोटी पट्टी उघडून, स्क्रू घट्ट आहेत का आणि कुठे करपल्याची खूण आहे का, हे डोळ्यांनी पाहावे.

एक बारकावा मुद्दाम सांगतो, कारण त्यात शिकलेली माणसेही फसतात. एक फेज तुटलेला असताना यंत्र चालू ठेवून या पट्टीवर मोजले, तर दोन्ही फेज न्यूट्रलच्या तुलनेत १२० व्होल्ट दाखवू शकतात, कारण चालू फेजचा दाब एलिमेंटमधून फिरून मेलेल्या फेजच्या टोकावर पोहोचलेला असतो. पुरवठा ठीक आहे असा निष्कर्ष मग सहज निघतो. खरे उत्तर फेज ते फेज या मापातच मिळते. त्या वेळी ते शून्याच्या जवळ येईल.

जाता जाता, केबल बदलण्याची वेळ आली तर एक लक्षात असू द्यावे. १९९६ सालच्या राष्ट्रीय विद्युत संहितेपासून इथे नव्या ड्रायर सर्किटसाठी चार तारांची जोडणी आवश्यक झाली. जुन्या तीन तारांच्या जोडणीत न्यूट्रल यंत्राच्या धातूच्या अंगाशी एका पट्टीने जोडलेला असतो. चार तारांची केबल लावताना ती पट्टी न्यूट्रलपासून काढावी लागते; ती तशीच राहिली, तर न्यूट्रलचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून आणि यंत्राच्या अंगातून वाहू लागतो.

हडसनकाठ

ओहायोकरांच्या प्रश्नात मध्येच येतो, त्याबद्दल क्षमस्व. आम्ही जर्सी सिटीत मोठ्या इमारतीत भाड्याने राहतो. आमच्या ड्रायरची हवा थंड नसते, पण पूर्वीच्या घरातल्या तशाच ड्रायरपेक्षा कपडे वाळायला निश्चित जास्त वेळ लागतो. हाही पुरवठ्याचाच दोष म्हणावा का?

रोहित्र

आपल्या बाबतीत तो दोष नसून इमारतीच्या पुरवठ्याचे स्वरूप असू शकते. मोठ्या इमारतींना अनेकदा तीन फेजचा पुरवठा असतो आणि त्यात दोन फेजमध्ये २४० नव्हे, तर २०८ व्होल्ट मिळतात. एलिमेंटची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ५,४०० वॅटचे एलिमेंट तिथे साधारण ४,०५० वॅटच देते, म्हणजे उष्णता एक चतुर्थांशाने कमी. वेळ वाढणे त्यामुळे स्वाभाविक आहे. मात्र हा वेळ हळूहळू वाढत चालला असेल, तर कारण नळीत साचलेले लिंट असण्याची शक्यता जास्त. आपण भाडेकरू असल्यामुळे यंत्र न उघडता व्यवस्थापनाला लेखी कळवावे.

पान्हा

रोहित्र यांनी पुरवठ्याची बाजू इतकी स्वच्छ मांडली आहे की मी थेट आत शिरतो. पुढचे सर्व मोजमाप प्लग काढलेल्या अवस्थेत, मीटर ओहमवर किंवा कंटिन्युइटीवर (भागातून वीज अखंड जाऊ शकते का, हे दाखवणाऱ्या निवडीवर) ठेवून करायचे आहे.

सुरुवात दाराच्या चौकटीच्या आतल्या पट्टीवरून यंत्राचा मॉडेल क्रमांक टिपून घेण्यापासून करावी. अनेक ड्रायरमध्ये वरच्या बटणांच्या पेटीत किंवा खालच्या पत्र्यामागे घडी घातलेला कागद ठेवलेला असतो. त्यावर संपूर्ण विद्युत जोडणीची आकृती असते. तो कागद सापडला तर निम्मे काम झाले असे समजावे, कारण भागांच्या जागा आणि तारांचे रंग मॉडेलनुसार बदलतात आणि इंटरनेटवरची चित्रफीत आपल्याच यंत्राची असेल याची खात्री नसते. काही यंत्रांत एलिमेंट मागचा पत्रा काढल्यावर दिसते, काहींत ते ड्रमच्या खाली असून पुढची बाजू उघडावी लागते. तारा काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत.

उष्णतेचे सर्किट म्हणजे एका ओळीत जोडलेले अनेक भाग: टायमरचा संपर्क, तापमान निवडण्याचे बटण, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, अतितापमान थर्मोस्टॅट, एकदाच उडणारा थर्मल कट-ऑफ, एलिमेंट आणि मोटरवरचा सेंट्रिफ्यूगल स्विच. जोडणी एकसर असल्यामुळे यांपैकी कोणताही एक भाग उघडा पडला, म्हणजे त्यातून वीज जाईनाशी झाली, तरी एलिमेंट थंड राहते, आणि बाहेरून दिसणारे लक्षण प्रत्येक वेळी तेच असते. आपल्या शेजाऱ्यांचा अंदाज चुकीचाच आहे असे मी म्हणत नाही; पण एवढ्या भागांपैकी एकावर मोजमाप न करता पैसे लावणे मला पटत नाही. विजेचे सुटे भाग उघडल्यावर बरेच विक्रेते परत घेत नाहीत, हाही व्यवहार आहे.

मोजताना त्या भागाची निदान एक तार सोडवावी. नाहीतर मीटर दुसऱ्या वाटेने जाणारा रोध दाखवून दिशाभूल करील. आधी थर्मल कट-ऑफ पाहावा. तो एलिमेंटच्या धातूच्या पेटीवर दोन स्क्रूंनी बसवलेला छोटासा भाग असतो. खोलीच्या तापमानाला त्यातून पूर्ण कंटिन्युइटी मिळायला हवी. मिळाली नाही, तर तो उडालेला आहे आणि तो पुन्हा जोडला जात नाही. त्याच्याजवळचा अतितापमान थर्मोस्टॅट गरम झाल्यावर उघडतो आणि थंड झाल्यावर आपोआप मिटतो, म्हणून थंड यंत्रात तोही मिटलेला दिसला पाहिजे. नावावरून गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो: ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या, पेटीवर एक वेगळा थर्मल फ्यूज असतो आणि तो उडाला की अनेक मॉडेल्समध्ये मोटरच थांबते. आपला ड्रम फिरतो आहे, त्यामुळे संशय आधी एलिमेंटच्या पेटीवर घ्यावा.

मग एलिमेंट. ५,४०० वॅटच्या एलिमेंटचा रोध गणिताने १०.७ ओहम येतो, प्रत्यक्षात ८ ते १२ ओहमच्या दरम्यानचा आकडा बहुतेक यंत्रांत योग्य मानावा. मीटरने अनंत रोध दाखवला, तर तार तुटली आहे. इथे थांबू नये. एलिमेंटचे प्रत्येक टोक आणि त्याची धातूची पेटी यांमध्येही मोजावे. तिथे कंटिन्युइटी मिळता कामा नये. तारेचे वेटोळे लोंबून पेटीला टेकले असेल, तर एलिमेंटचा काही भाग थर्मोस्टॅटने वीज तोडल्यावरही तापत राहू शकतो, आणि नवा कट-ऑफ लावल्यावर तोही त्याच वाटेने जातो. ही तपासणी बहुतेक चित्रफितींत वगळलेली असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले, तर तापमान राखणारा थर्मोस्टॅट, निवडीचे बटण आणि टायमरचे संपर्क आकृतीवरून तपासावेत. टायमरचा जळालेला संपर्क पुष्कळदा त्याच्या टोकाशी काळवंडलेल्या तारेवरूनच ओळखू येतो. मोटरवरचा सेंट्रिफ्यूगल स्विच मात्र मोटर वेगात आल्यावरच मिटतो. ड्रम फिरत नसताना एलिमेंट तापू नये यासाठीची ही योजना आहे, आणि चालू यंत्रात ती तपासण्यासाठी जिवंत तारांजवळ, फिरत्या पट्ट्याशेजारी मीटर न्यावा लागतो. आपण तिथे थांबावे. आपले यंत्र टायमरचे असल्यामुळे थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा भाग) आणि कंट्रोल बोर्डावरचा रिले (विजेने चालणारा स्विच) यांचा प्रश्न येत नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रायर असलेल्या वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की त्यांच्या यंत्रात या थर्मोस्टॅटची जागा बऱ्याचदा थर्मिस्टरने घेतलेली असते आणि अनेक मॉडेल्समध्ये त्याचा रोध २५ अंश सेल्सियसला सुमारे १० किलोओहम असतो.

ओहायोकर

रोहित्र आणि पान्हा, आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चढवला. फरक पडला नाही. सॉकेटवर फेज ते फेज २४२ व्होल्ट आणि दोन्ही बाजूंना न्यूट्रलशी १२१ व्होल्ट मिळाले. मागची टर्मिनलची पट्टी स्वच्छ आहे, स्क्रू घट्ट आहेत.

प्लग काढून मागचा पत्रा उघडला. आकृतीचा कागद बटणांच्या पेटीत खरोखरच सापडला. एलिमेंटचा रोध १०.९ ओहम आहे आणि ते पेटीला कुठेही टेकलेले नाही. अतितापमान थर्मोस्टॅट मिटलेला आहे. थर्मल कट-ऑफ मात्र उघडा आहे. दोन्ही तारा सोडवून मोजले तरी कंटिन्युइटी मिळत नाही. म्हणजे शेजाऱ्यांच्या सल्ल्याने एलिमेंट आणले असते, तर हवा थंडच राहिली असती.

आता दोन प्रश्न आहेत. नवा भाग येईपर्यंत कट-ऑफच्या दोन तारा एकमेकींना जोडून एक-दोन वेळा ड्रायर वापरला तर चालेल का? आणि नुसता हा भाग बदलणे पुरेसे आहे, की आणखी काही पाहावे? आमच्या ड्रायरची नळी वरच्या मजल्याच्या फरशीखालून मागच्या भिंतीकडे जाते. घराच्या नकाशावरून तिची लांबी सुमारे २८ फूट भरते आणि तिला काटकोनातली तीन वळणे आहेत.

धुराडे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. त्या दोन तारा थेट जोडून ड्रायर एकदाही चालवू नये. एलिमेंटच्या पेटीतली उष्णता हाताबाहेर गेल्यावर वीज तोडणारा तो शेवटचा भाग आहे, आणि तो आपल्या घरात नुकताच उपयोगी पडलेला आहे. ज्या कारणाने तो उडाला, ते कारण अजून तिथेच असताना त्याला बाजूला सारणे म्हणजे वरच्या मजल्यावर, झोपण्याच्या खोल्यांच्या शेजारी, आगीला वाट मोकळी करून देणे होय. चार दिवस कपडे लाँड्रोमॅटमध्ये (पैसे देऊन धुण्या-वाळवण्याची यंत्रे वापरता येणाऱ्या दुकानात) न्यावेत, पण हे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पहिल्या लेखनात दडलेले आहे. काही आठवडे जाड कपडे एका फेरीत वाळत नव्हते, हे आपण लिहिलेत. ड्रायरमध्ये ब्लोअर हवा ओढतो. ती एलिमेंटवरून तापून ड्रममध्ये येते, ओल घेऊन लिंटच्या जाळीतून जाते आणि नळीवाटे बाहेर पडते. नळी तुंबली की हवेचा ओघ मंदावतो, एलिमेंटची उष्णता पेटीतच साचते, अतितापमान थर्मोस्टॅट वारंवार वीज तोडू लागतो आणि त्यामुळे कपड्यांपर्यंत पोहोचणारी उष्णता घटते. वाळण्याचा वेळ वाढतो तो इथे. असे चालत राहिले, तर थर्मोस्टॅटचे संपर्क थकतात आणि एक दिवस कट-ऑफ उडतो. कारण न शोधता नवा कट-ऑफ लावलेले ड्रायर काही आठवड्यांत पुन्हा थंड पडतात, आणि मग यंत्रच खराब आहे असे म्हणून लोक ते टाकून देतात.

आता आपली नळी. आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेत, जिच्यावर इथल्या बहुतेक राज्यांचे नियम आधारलेले आहेत, चार इंच व्यासाच्या ड्रायरच्या नळीची कमाल लांबी ३५ फूट धरलेली आहे. परंतु काटकोनातल्या प्रत्येक साध्या वळणासाठी त्यातून ५ फूट आणि ४५ अंशांच्या वळणासाठी अडीच फूट वजा करावे लागतात. आपली तीन वळणे १५ फूट खातात आणि २० फूट उरतात, तर आपली नळी २८ फुटांची आहे. ड्रायरच्या उत्पादकाच्या तक्त्यात याहून जास्त लांबी मान्य असेल, तर तो तक्ता ग्राह्य धरला जातो आणि अनेक उत्पादक तशी मुभा देतात. म्हणून मॉडेल क्रमांकावरून स्थापनेची पुस्तिका शोधून पाहावी. तिच्यातही बसत नसेल, तर वळणे कमी करणे, मोठ्या वर्तुळाकार घेराची गुळगुळीत वळणे बसवणे किंवा ड्रायरच्या नळीसाठीच मान्यता असलेला सहाय्यक पंखा लावणे हे मार्ग आहेत. स्नानगृहाचा साधा पंखा तिथे लावू नये.

लांबी नियमात बसली तरी साफसफाई टळत नाही. मुख्य नळी गुळगुळीत, कडक धातूची असावी. सांधे जोडताना आत खुपसलेले स्क्रू लिंट अडकवून ठेवतात, म्हणून सांध्यांना धातूची चिकटपट्टी वापरतात. यंत्र आणि भिंत यांमधला लवचीक तुकडा धातूचा आणि मान्यताप्राप्त असावा, प्लास्टिकचा पांढरा नळ कदापि नसावा, आणि ड्रायर मागे ढकलताना तो चेपलेला नाही हे पाहावे. मला विचाराल, तर अर्धी तक्रार याच तुकड्यात सापडते. बाहेरच्या भिंतीवरच्या तोंडाला फक्त उघडझाप करणारी झडप असावी. पक्षी आत येऊ नयेत म्हणून काही लोक तिथे बारीक जाळी बसवतात. संहितेने तिला मनाई केलेली आहे, कारण तिच्यावर ओले लिंट थापले जाऊन तोंड बंद होते. ओहायोच्या हिवाळ्यात आणखी एक भर पडते: नळीचा जो भाग न तापवलेल्या जागेतून जातो, तिथे वाफेचे पाणी होते आणि त्या पाण्यात लिंट चिखलासारखे चिकटते. अशा भागाला बाहेरून उष्णतारोधक वेष्टन घालावे.

लिंटच्या जाळीविषयीही एक सूचना. आपण ती प्रत्येक वेळी झटकता हे उत्तमच आहे, पण कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायच्या सुगंधी ड्रायर शीट वापरत असाल, तर त्यांचा डोळ्यांना न दिसणारा थर जाळीवर बसतो. जाळी नळाखाली धरून पाहावी. पाणी तिच्यावर साचून राहिले, तर कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश यांनी ती धुऊन पूर्ण वाळवावी.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाच्या अभ्यासात निवासी इमारतींमध्ये दरवर्षी सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागतात असा अंदाज मांडला होता, आणि त्यांतल्या ३४ टक्के आगींमागे साफसफाई न करणे हे आघाडीचे कारण नोंदवले होते. आपली २८ फुटांची नळी लांब काठीच्या फिरत्या ब्रशने दोन्ही टोकांकडून साफ करता येईल. तीन वळणांमुळे जमले नाही, तर नळी साफ करणाऱ्यांना बोलावणे योग्य. त्या वेळी ड्रायरच्या पोटात, एलिमेंटच्या पेटीभोवती आणि ब्लोअरमध्ये साचलेले लिंटही व्हॅक्यूमने काढावे. ब्लोअरचे पाते मोटरच्या दांड्यावर सैल झालेले नाही आणि ड्रमच्या कडेचे नमद्याचे पट्टे फाटलेले नाहीत, हे उघडलेच आहे तर पाहून घ्यावे.

पान्हा

धुराडे यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. भागांपुरती एक भर घालतो. कट-ऑफ एकटा घेऊ नये. तो आणि अतितापमान थर्मोस्टॅट हे अनेक मॉडेल्ससाठी जोडीनेच विकले जातात आणि जोडीनेच बदलावेत. आपला थर्मोस्टॅट थंड अवस्थेत मिटलेला दिसला, एवढ्यावरून तो गरम झाल्यावर वेळेवर उघडतो असे सिद्ध होत नाही. उलट कट-ऑफपर्यंत वेळ आली, यावरूनच त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. दोन्ही भाग आपल्या मॉडेल क्रमांकाचेच घ्यावेत. दिसायला सारखा, पण वेगळ्या तापमानाचा भाग बसतो, चालतो आणि धोकादायक ठरतो. तारेचे टोक त्या भागावर सैल बसत असेल किंवा काळे पडले असेल, तर उष्णता सहन करणारे नवे टोक क्रिम्प करून, म्हणजे पकडीने घट्ट दाबून, लावावे.

ओहायोकर

तारा जोडण्याचा विचार सोडून दिला. तोपर्यंत कपडे लाँड्रोमॅटमध्ये नेले. बाहेरच्या तोंडावर, आमच्या आधीच्या मालकांनी बसवलेली असावी अशी, बारीक तारेची जाळी निघाली. ती लिंटने इतकी गच्च भरली होती की झडप हलतही नव्हती. ड्रायरच्या मागचा लवचीक तुकडाही एका जागी पूर्ण चेपलेला होता. जाळी काढली, तुकडा बदलला, नळी साफ करणाऱ्यांना बोलावून सर्व वळणे मोकळी करून घेतली आणि मग कट-ऑफ व थर्मोस्टॅटची जोडी बसवली. हवा आता चांगली गरम येते आणि टॉवेल एका फेरीत वाळले. उत्पादकाच्या तक्त्यात तीन वळणांसह आमची लांबी मान्य केलेली आहे, हेही पाहिले. तापमान योग्य मर्यादेत आहे, याची खात्री घरी करून घेण्याचा काही मार्ग आहे का?

पान्हा

आहे. ड्रायरच्या मागे, नळी जिथे यंत्राला लागते तिथे, हवेच्या प्रवाहात टोक राहील असा स्वयंपाकातला लांब सळीचा थर्मामीटर वापरता येतो. सर्वाधिक तापमानाची निवड करून, ड्रममध्ये थोडे ओले कपडे घालून यंत्र चालवावे. कपडे वाळत आल्यावर हवेचे तापमान साधारण ५० ते ७० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात वर-खाली होत राहिले पाहिजे. थर्मोस्टॅट एलिमेंटला तोडतो आणि पुन्हा जोडतो, त्यामुळे हा चढउतार दिसतो. ते न थांबता चढतच गेले, तर यंत्र बंद करून तापमान राखणारा थर्मोस्टॅट बदलावा. तापमान फार थोड्या वेळातच चढून एलिमेंटची वीज तुटत असेल आणि बाहेरची झडप अर्धवटच उघडत असेल, तर नळीत अजून कुठेतरी अडथळा उरला आहे. मोजून झाल्यावर, सळीसाठी नळीला भोक पाडले असेल तर ते धातूच्या चिकटपट्टीने बंद करावे.